पायाळूची पाठ

"सिस्टर, दोन्ही पायांचे अंगठे वर ओढा. नाकाकडे," डॉक्टर म्हणाले.

उजवा अंगठा वर आला. डावा आला नाही. मी ओठ आवळून जोर लावला. मनाने मी तो ओढत होते आणि डोळ्यांना दिसत होतं की तो जागचा हललेला नाही. डॉक्टरांनी त्या अंगठ्यावर नुसतं एक बोट ठेवून काढलं. मग भिंतीवरच्या उजेडाच्या पेटीवर माझी एमआरआयची फिल्म लावली.

"चौथ्या आणि पाचव्या मणक्याच्या मधली गादी मागे सरकली आहे. डिस्क प्रोलॅप्स. ती पायात उतरणाऱ्या नसेवर बसली आहे, म्हणून पाऊल नीट उचललं जात नाही. याला फूट ड्रॉप म्हणतात. तुमचं अजून सुरुवातीचं आहे."

मला हसू आलं. डॉक्टरांना ते आवडलं नसावं.

"डॉक्टर, मी पायाळू आहे," मी म्हटलं. "आणि लोकांच्या कमरेला लावायचा पाय तो हाच."

शेजारच्या खुर्चीत बसलेला माझा नवरा खाली फरशीकडे बघू लागला.

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगते. जे मूल डोक्याऐवजी पायांकडून जन्माला येतं ते पायाळू. कुणाच्या कमरेत उसण भरली, म्हणजे वाकताना एकदम कळ येऊन माणूस तिथेच अडकला, तर पायाळूने आपला डावा पाय तीनदा त्या जागी लावायचा, अशी आमच्याकडची रीत. दुखणाऱ्याने दाराकडे तोंड करून पालथं निजायचं, बोलायचं नाही, आणि झाल्यावर मागे न बघता निघून जायचं. पायाळूवर वीज पडते असंही म्हणतात. ढग गडगडले की माय मला धानाच्या बांधीतून, म्हणजे खाचरातून, हाकलून घरी पाठवायची. कामातून सुटका होते म्हणून मला ते ढग फार आवडायचे.

आमचं गाव दिघोरी. आजोबांनी धम्माची दीक्षा घेतली तेव्हा घरातले देव, ताईत, अंगारे सगळं बोडीत, म्हणजे गावच्या तळ्यात, सोडून आले होते. बाबा म्हणायचे, "आपण सारं सोडलं, पण या पोरीचा पाय काही सुटत नाई." आणि ते खरंच होतं. रोवण्याच्या दिवसांत, म्हणजे चिखलात धानाची रोपं लावायच्या दिवसांत, बाया सकाळपासून वाकलेल्या असत. एक एक रोप खोवत मागे मागे सरकायचं, दिवस मावळेपर्यंत. मग संध्याकाळी आमच्या ओसरीवर चार-पाच जणी तरी येऊन थांबायच्या. आमच्या घरचं पाणी न पिणाऱ्या बायाही माझ्या पायाखाली पालथ्या निजायच्या. कुणी ओंजळभर वाळलेले शिंगाडे ठेवून जाई. मी आठ-नऊ वर्षांची होते आणि मला स्वतःचा फार गर्व होता.

सगळ्या गेल्या की शेवटी माय निजायची. "दे वं माये, पाय."

तिच्यासाठी तीनचा हिशेब नव्हता. मी ओसरीचा खांब धरून तिच्या कमरेवर डावा तळवा ठेवायची. ती कोपरं जमिनीला टेकवून छाती वर उचलायची, मान ताठ करायची, जागा सापडली की म्हणायची, "हां. तिथंच." मग बराच वेळ काही नाही. तिचं लुगडं ओलं असायचं, चिखलाचा वास यायचा, आणि तिचा श्वास माझ्या तळव्याला लागायचा.

पुढे मी शिकले, नर्स झाले आणि शहाणी झाले. सव्वीस वर्षं मी आरोग्य खात्यात एएनएम आहे, लोकांच्या तोंडी नर्सबाई. लग्नानंतर भंडाऱ्याजवळ शहापूरला राहते. हायवेवर माझ्या नवऱ्याचं ट्रकचे पाटे, म्हणजे चाकांवरच्या स्प्रिंगच्या पट्ट्या, दुरुस्त करायचं दुकान आहे. बाळंतीण असो की म्हातारी, अंगारा नको, धागा नको, दवाखान्यात चला, हे मी गावोगाव सांगत आले.

माय शेवटच्या वर्षी माझ्याकडे होती. एका संध्याकाळी मी लसीकरणाचं रजिस्टर भरत बसले होते. ती दिवाणावर पालथी झाली आणि म्हणाली, "दे वं माये, पाय." कितीतरी वर्षांनी म्हणाली. मी पेन खाली न ठेवता म्हटलं, "माय, असं काही नसते. ही गोळी घे." तिने मुकाट्याने गोळी घेतली, पाणी प्यायली आणि कुशीवर वळली. चार महिन्यांनी ती हृदयाच्या झटक्याने गेली. त्या मधल्या दिवसांत तिने पुन्हा पाय मागितला नाही. गोळी बरोबर होती, डोसही बरोबर होता. याला आता नऊ वर्षं झाली.

आता आजाराकडे येते.

गेल्या वर्षी आषाढात लसीचा डबा ऑटोतून उतरवताना कमरेत काहीतरी सटकलं. दोन दिवसांनी डाव्या कुल्ल्यापासून पोटरीपर्यंत वीज उतरायला लागली. शिंकलं की उतरे, खुर्चीतून उठलं की उतरे. कमरेतल्या नसेवर दाब आला की पायात अशी कळ जाते, तिला सायटिका म्हणतात. हे मला ठाऊक होतं. दुसऱ्या कुणाला असं झालं असतं तर मी तिला हाताला धरून भंडाऱ्याला नेलं असतं. स्वतःसाठी मात्र मी गोळ्या गिळल्या, पट्टा बांधला आणि तीन आठवडे नवऱ्यापासून लपवलं. दिव्याखाली अंधार म्हणतात तो हा.

भावाच्या शेतातला रोवणा आटोपला आणि जेवायला बोलावणं आलं म्हणून दिघोरीला गेले. वहिनीने माझं चालणं बघितलं आणि मला आत नेलं.

"ताई, हे गोळीनं नाई जात. पायाळूले पायाळूचाच पाय लागते. बाजूच्या गावात आहे एक जण. बोलावू का?"

मी नाही म्हणायला हवं होतं. मी म्हटलं, बोलाव.

माझा विश्वास बसला होता असं नाही. मला त्या ओसरीवर, दाराकडे तोंड करून, एकदा पालथं निजायचं होतं. माय गेल्यापासून त्या घरी गेले की मी ओसरीवर बसायचंही टाळत होते. खरं सांगायचं तर मला माय हवी होती, ती कुठे मिळणार, म्हणून मी पाय मागितला.

तो माणूस धानाची पोती वाहणारा, दांडगा. नर्सबाईला बरं करायचं म्हणून त्याला जरा जास्तच हुरूप आला होता. पहिल्यांदा त्याने पाय नुसता लावला. दुसऱ्यांदा भार दिला. तिसऱ्यांदा तो जवळपास उभाच राहिला आणि आतून कट्ट असा आवाज आला.

"बसली जाग्यावर," वहिनी खूष होऊन म्हणाली.

मागे न बघता निघून जायचं असतं. मला पुढेही बघता येईना. भावाने आणि वहिनीने धरून उठवलं. ती रात्र कशी काढली ते सांगत नाही. सकाळी कळ थोडी कमी वाटली आणि मला वाटलं, चला, गुण आला. एसटीतून शहापूरच्या थांब्यावर उतरले आणि दहा पावलं चालले असेन, तेवढ्यात कंडक्टरने हाक मारली, "ओ बाई, चप्पल राहिली ना तुमची."

डावी चप्पल एसटीच्या पायरीवरच निघून पडली होती. मी अनवाणी चालत होते आणि मला पत्ता नव्हता. कळ कमी झाली होती कारण पाय बधिर झाला होता. तेव्हा कुठे मी घाबरले. नवऱ्याने त्याच दिवशी भंडाऱ्याला नेलं.

डॉक्टरांनी फिल्म काढून पाकिटात घातली आणि सांगितलं, "पावलाची ताकद कमी झाली आहे, पूर्ण गेलेली नाही. सहा आठवडे औषध आणि व्यायाम करून बघू. मधे पाऊल आणखी पडायला लागलं, लघवीवरचा ताबा सुटला किंवा बसायची जागा बधिर झाली, तर त्याच क्षणी या, सकाळची वाट बघू नका. तसं काही झालं नाही तर सहा आठवड्यांनी अंगठा बघून ऑपरेशनचं ठरवू."

म्हणजे सगळं त्या अंगठ्यावर आलं. ऑपरेशनची मला भीती नव्हती, किती तरी जणांना मी धीर देऊन आत पाठवलंय. मला तो पाय हवा होता. माझ्या अंगात मायची आठवण जर कुठे असेल तर ती त्या तळव्यात होती, आणि आता तो पाय चप्पल निघालेलीही सांगत नव्हता. हे डॉक्टरांना कसं सांगणार?

पहिले आठ दिवस पडून राहायचं, पण लागेल तेवढं उठायचं. मग फिजिओथेरपी. तिथली मॅडम माझ्या मुलीच्या वयाची, नाकाडोंगरीची. तिने पहिल्याच दिवशी सांगितलं, "काकू, पालथ्या झोपा."

"पालथं झोपूनच तर हे झालं," मी म्हटलं आणि सगळी हकीकत सांगितली. तिने कपाळाला हात लावला. "काकू, तुम्ही नर्स असून?"

हा प्रश्न मला पुढचे दोन महिने प्रत्येकाने विचारला. मी उत्तर द्यायचं सोडून दिलं.

ती म्हणाली, "पाय देणं वेगळं आणि हे वेगळं. इथं कोणी तुमच्यावर चढणार नाही. तुमची पाठ तुम्हालाच उचलायची आहे. भुजंगासन म्हणतात याला, नाग फणा काढतो तसं. आपण पहिली पायरी करू, कोपरांवर. कोपरं खांद्याच्या खाली. बेंबी जमिनीलाच राहू द्या. आता छाती उचला, हळू. जोर पाठीचा, हाताचा नाही. श्वास रोखू नका."

मी उचलली. वीतभर वर आले असेन. समोर दार होतं, दारात कुणाच्या तरी चपला होत्या.

आणि मला एकदम कळलं की मी कुठे आहे. जमिनीपासून एवढ्याच उंचीवरून, एवढीच मान ताठ करून माय बघायची. मी खांब धरून वर उभी असायची, म्हणून तिला काय दिसतं ते मला कधी दिसलं नव्हतं. दिवसभर पुढे वाकलेली पाठ ती रोज संध्याकाळी उलटी उचलत होती. तिला कुणी शिकवलं नव्हतं, नाव माहीत असण्याचा प्रश्नच नव्हता. माझा पाय नुसता जागा दाखवायचा. काम तिची पाठ करायची, आणि शिंगाडे मी खायची.

माझ्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं.

"काकू, दुखून राहिलं का? थांबा, खाली या."

"नाई वं. माय आठवून राहिली."

तिने माझ्या पाठीवरून एकदा हात फिरवला आणि म्हणाली, "अजून पाच वेळा करू."

घरी दिवसातून तीनदा, दर वेळी दहा वेळा. पुढच्या हॉलमध्ये सतरंजी टाकून, दाराकडे तोंड करून. मॅडमने दाराचं काही सांगितलं नव्हतं, ते मी माझं केलं. तिसऱ्या आठवड्यात एक गंमत झाली. पोटरीतली कळ गेली आणि मांडीत आली. मग मांडीतली गेली आणि कमरेत बसली. कमर आधीपेक्षा जास्त दुखायला लागली तेव्हा मी रडकुंडीला येऊन डॉक्टरांकडे गेले. ते खूष झाले. "दुखणं पायातून वर सरकतंय ना? याला सेंट्रलायझेशन म्हणतात. दुखणं घरी परत येतंय. चांगलं आहे. उलट खाली उतरायला लागलं असतं तर मी तुमचा व्यायाम बंद केला असता."

हे नीट लक्षात ठेवा. भुजंगासन सगळ्यांच्या पाठीला चालत नाही. कुणाच्या मणक्यातली नळी अरुंद असते, कुणाचा मणका पुढे घसरलेला असतो, त्यांना याने त्रास वाढतो. आधी तपासून घ्या, मग जाणकारासमोर करा. आणि कुणाच्याही कमरेवर कुणीही उभं राहू नका. हे मी नर्स म्हणून सांगते आणि ज्याचं जळतं त्याला कळतं म्हणूनही सांगते.

दर मंगळवारी मी दवाखान्यात तपासणीच्या बाकावर बसून असायची. नंबर येईपर्यंत दोन तास. सगळे आपापल्या पायांकडे बघत बसलेले. मीही माझ्या अंगठ्याशी मनातल्या मनात बोलायची. नवऱ्याला माझी अवस्था कळत होती, पण त्या माणसाला तोंडाने धीर देता येत नाही. तो मस्करी करतो. "तुझा पाटा बसला," म्हणायचा, "ट्रकचा असता तर दुपारपर्यंत करून दिला असता." रोज सकाळी चहाच्या आधी तो माझ्या डाव्या अंगठ्याच्या नखावर एक मुरमुरा ठेवायचा. मी अंगठा ओढायची. मुरमुरा जिथल्या तिथे. तो उचलून तोंडात टाकायचा आणि दुकानावर जायचा.

चार आठवडे त्याने रोज एक मुरमुरा खाल्ला. दुकानावरचे लोक त्यालाच विचारायचे, आज पडला का म्हणून.

पाचव्या आठवड्यात एका सकाळी मुरमुरा हलला. मग घरंगळून सतरंजीवर पडला.

"पंखा चालू आहे," नवरा म्हणाला. त्याने उठून पंखा बंद केला, दुसरा मुरमुरा आणला आणि ठेवला. मी ओढला. तोही पडला. नवरा बराच वेळ खाली वाकून दोन्ही मुरमुरे शोधत राहिला. ते समोरच पडले होते.

सहाव्या आठवड्याला डॉक्टरांनी अंगठ्यावर बोट ठेवलं. या वेळी त्यांना थोडा जोर लावावा लागला. "पाचपैकी चार ताकद. ऑपरेशन सध्या नको. व्यायाम मात्र आयुष्यभर. पावलाच्या वरच्या बाजूचा बधिरपणा कदाचित राहील. आणि सिस्टर, चिखलात दिवसभर वाकणं आता विसरा."

त्या डॉक्टरांचे, त्या मॅडमचे आणि मुरमुऱ्याच्या पिशवीचे माझ्यावर उपकार आहेत. भुजंगासन मी आता सरळ हातांवर करते. पाठ बरी आहे. पण एक सांगते, लोक म्हणतात आजारातून उठलं की जुनं मागे पडतं. माझं उलट झालं. दिवसातून तीनदा मी मायच्या जागी जाऊन निजते, आणि दर वेळी वाटतं की वरून कुणीतरी पाय ठेवावा. तेवढं सोडून सगळं बरं झालं.

यंदाच्या रोवण्याला दिघोरीला गेले. बांधीत उतरायची मनाई, म्हणून धुऱ्यावर, म्हणजे बांधीच्या मातीच्या बांधावर, छत्री घेऊन उभी राहिले. बायांची रांग वाकून मागे मागे सरकत होती. उजवीकडून तिसरी जागा मायची असायची. तिथे आता वहिनी होती. माझी पोटरी त्या चिखलासाठी आसुसली होती. ढग गडगडला तेव्हा वहिनी ओरडली, "ताई, घरी जा तुम्ही, पायाळू माणूस." मी गेले. या वेळी मला बरं वाटलं नाही.

संध्याकाळी ओसरीवर बाया आल्या. वहिनीने माझ्या आसनाचं गावभर सांगून ठेवलं होतं. ती मागच्या वर्षाची भरपाई होती हे मी ओळखलं. मी सगळ्यांना सतरंजीवर घेतलं, आधी ज्यांच्या पायात कळ जाते त्यांना बाजूला करून दवाखान्याची चिठ्ठी दिली, बाकीच्यांना कोपरांवर उचलायला शिकवलं. थोडं हसणं-खिदळणं झालं. मग एकेक करून त्या गेल्या.

कौसा मावशी तेवढी राहिली. ती मायच्या शेजारी रोवायची, आयुष्यभर. आता सत्तरी ओलांडली तरी बांधीत उतरते. तिच्या पायात कळ नव्हती, मणक्याचा फोटोही मागच्याच महिन्यात काढून झाला होता, ते मी आधी विचारून घेतलं.

"ते आसन-बिसन राहू दे, पुष्पे," ती म्हणाली. "तू पाय दे मले."

"मावशी, पायानं काही होत नाही. आणि माझाच पाय धड नाही आता."

"तुह्या मायले तं रोज देत होती."

शेवटच्या वेळी दिला नव्हता, हे मी कुणालाच सांगितलेलं नाही. इथे पहिल्यांदा लिहिते आहे.

"पालथी हो," मी म्हटलं. "दाराकडं तोंड कर. कोपरं खांद्याखाली. पोट टेकलेलंच ठेव. आता छाती उचल."

"असं तं तुही माय करे," मावशी म्हणाली आणि उचलली.

मी चप्पल काढली. ओसरीचा खांब धरला, सगळा भार उजव्या पायावर घेतला आणि डावा तळवा तिच्या कमरेवर ठेवला, नुसता, फुलासारखा. तिचं लुगडं ओलं होतं. पाऊल वरून अजून बधिर आहे, पण तळव्याला तिचा श्वास लागत होता. मी तो थोडा खाली सरकवला.

"हां," मावशी म्हणाली. "तिथंच."

तीनदा लावून पाय काढायचा असतो. मी काढला नाही.